समुद्रातला पाला

अनसाबाईंनी ते काळं लांबलचक प्रकरण स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून दोन बोटांत उचललं, अंगापासून दूर धरत पडवीत आणलं आणि बसलेल्या माणसांच्या मधोमध टाकलं. सगळ्यांनी पाय मागे घेतले. वाळून कडक झालेलं, माणसाच्या उंचीचं, मधे गवताच्या दोरीनं बांधलेलं ते काहीतरी फरशीवर आपटलं आणि त्याचा खारट वास सगळीकडं पसरला.

"घ्या," अनसाबाई म्हणाल्या. "पोरगी कशानं गेली, कशानं गेली म्हणून सकाळधरनं एकमेकाचा गळा धरताय. ह्ये घरात टांगलंय, आन् कुणी इचारलं न्हाई ह्ये काय हाय म्हणून."

सकाळपासून पडवीत जे चाललं होतं त्याला बैठक म्हणायचं असेल तर म्हणावं. बाळाचं सुतक फिटलं आणि त्याच दिवशी दौंडहून सोनमचे मामा, गेणबा, पहिल्या एसटीनं शिरूरला उतरून घरी येऊन थडकले. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून हयात काढलेला माणूस. सोनमची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून त्यांनीच तिला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढवलं आणि धाकटा स्वराज बघून या घरात दिलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मामीच्या कमरेचं ऑपरेशन निघालं आणि ते सासरीच करावं लागलं. तो सल त्यांच्या मनात होताच. त्यांनी चहा घेतला नाही. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला होता, त्यालाही हात लावला नाही.

"पोर दवाखान्यातनं धडधाकट घरी आली हुती," ते म्हणाले होते. "तुमच्या घरात तिला काय झालं त्ये सांगा. न्हाईतर सोनमला घिऊन जातो, आन् जाताना पोलीस ठाण्यावरनं जातो."

बोट होतं ते सोजराबाईंवर. घरात बाळंतीण असली की सासूचं राज्य असतं, आणि सोजराबाईंनी ते राज्य आजवर कुणाला वाटून दिलेलं नव्हतं. आता मात्र त्या भिंतीला टेकून पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांचे मालक जयसिंगआप्पा फरशीकडं बघत होते. स्वराज, ज्याची पोर गेली तो, गुडघ्यांत मान घालून बसला होता. आणि सोजराबाईंना सोडवायला धावली कोण, तर नणंद. विहिरीच्या पाण्यावरून मांडवगणच्या अनसाबाईंचं आणि सोजराबाईंचं बोलणं तुटलेलं होतं. ह्या घरात पाणी पिणार नाही म्हणून त्या मागं गेल्या होत्या. पण घरावर पोलीस येतोय म्हटल्यावर माहेरचं रक्त उसळलं. माणसं अशी जवळ येतात, हे सविताला त्या दिवशी कळलं. चांगल्यासाठी येत नाहीत, पण अशी येतात.

"सविता, हितं ये," अनसाबाईंनी हाक मारली.

सविता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती पुढं आली. ती या घरची थोरली सून. शिरूरच्या बाहेर कोरियन कंपनीची शेड उभी राहिली, तेव्हा तिथल्या साहेबांच्या बंगल्यावर कामाला जाणारी ह्या भावकीतली पहिली बाई. त्यावरून तेव्हा जे रामायण झालं होतं त्याची धग अजून पुरती विझली नव्हती.

"ह्ये काय हाय?"

"पाला हाय, आत्या. समुद्रातला. ती लोकं बाळंतिणीला देत्यात. त्यानं दूध येतं."

"समुद्रात पाला कवापासनं उगवाय लागला?"

"उगवतो. वाळवून ठेवत्यात. शिजवला की मऊ हिरवा होतो."

"आन् त्यो तू सोनमला घातलास."

सविताचा नवरा बाळासो पुढं सरकला. "मला ठावं नव्हतं ह्ये," तो म्हणाला. सविता त्याच्याकडं बघतच राहिली. त्या पाल्याचा उरलेला रस्सा त्यानं भाताबरोबर ओरपला होता आणि वाटी पुसून खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी अजून आहे का म्हणून विचारलं होतं.

तो पाला घरात आला कसा, हे सांगायचं तर बंगल्यावरच्या युन साहेबांच्या आईपासून सांगावं लागेल. नातवंडं तिला हालमोनी म्हणायची; म्हणजे आजी. त्यामुळं ड्रायव्हर, वॉचमन, सविता सगळेच हालमोनी म्हणायचे. सविता भांड्याला म्हणून गेली होती. म्हातारीनं तिचे हात बघितले आणि सरळ ओट्यापाशी उभं केलं. मुलाच्या बदलीबरोबर म्हातारी आपलं अर्धं घर घेऊन आली होती. गच्चीवर मातीचे रांजण मांडलेले. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा थापून ती गवताच्या दोरीनं टांगायची, त्यांना बुरशी धरली की मिठाच्या पाण्यात रांजणात घालायची, वर कोळसा आणि लाल मिरच्या सोडायची. त्या वासापायी शेजारचे लोक वॉचमनला विचारायला आले होते की घूस मेलीय का कुठं. थंडीत पुण्याहून लांबट कोबीचा ढीग यायचा. तो मिठात दबून पडला की मिरची, लसूण, आलं आणि माशाचा खारट रस एकेका पानात भरायचा. सविताचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, रात्री आग आग व्हायची, आणि तरी तिला ते काम आवडायचं. म्हातारी पहिलं पान गुंडाळून स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात कोंबायची. सासरी आल्यापासून सविताला कुणी घास भरवला नव्हता.

तिथल्या रीती तिनं डोळ्यांनी टिपल्या होत्या. म्हातारीनं चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करायची नाही. आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्यानं भरायचा, तोही दोन्ही हातांनी. एवढा मोठा साहेब, पण आईसमोर पेला तोंडाला लावताना मान बाजूला वळवायचा. एकदा सविताने वाढता वाढता चमचा भातात उभा खोवून ठेवला, तर हालमोनीनं झडप घालून तो उपसला आणि तिच्या मनगटावर चापट मारली. उभा चमचा मेलेल्या माणसाच्या भातात ठेवायचा असतो, असं ड्रायव्हरनं नंतर समजावलं. आपल्यातही असली शंभर बंधनं आहेत, त्यामुळं सविताला त्यात परकं काही वाटलं नाही.

सोनमला मुलगी झाली आणि दूध उतरेना. शेपू झाली, खसखशीची खीर झाली, हळीव झाले. सविताने बंगल्यावर हातवारे करून सांगितलं, तशी हालमोनी आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेतून हा पाला घेऊन आली. तिच्या गावाकडं गरोदर लेकीसाठी आई असा पाला घेऊन ठेवते. घेताना दुकानदाराशी घासाघीस करत नाहीत. मोडत नाहीत, दुमडत नाहीत. मोडला तर बाळंतपण अवघड जातं म्हणतात. म्हणून तो आख्खा, कंपनीच्या गाडीच्या खिडकीतून एक टोक बाहेर ठेवून, सविताच्या घरी आला होता. त्यातला तुकडा भिजत घातला की पातेलं भरायचं. तो पिळून तिळाच्या तेलात परतायचा, सोयाबीनचं काळं खारं पाणी घालायचं आणि रस्सा दाट होईपर्यंत उकळायचा. हालमोनीनं डोक्यावर दोन बोटांची शिंगं करून त्यात कशाचं मटण घालतात ते दाखवलं, तेव्हा सविताने हात जोडले आणि कानांना लावले. म्हातारी पोट धरून हसली. मग सुकट घालायचं ठरलं.

आणि एक गोष्ट म्हातारीनं तिला पुन्हा पुन्हा करून दाखवली. रस्सा आणि भात आधी कोपऱ्यात मांडायचा आणि दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत हळू आवाजात मागणं मागायचं. बाळंतपण निभावून नेणारी एक म्हातारी देवी असते, तिचा हा घास. तिला दाखवल्यावरच बाळंतिणीनं खायचं. सविताने घरी येऊन हे सोजराबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या होत्या, "म्हंजी सटवाईच की त्यांची. मांड, मांड. तिला बी बरं वाटंल." पहिली वाटी सोजराबाईंनीच सोनमच्या हातात दिली. दोन वेळा रस्सा पोटात गेला आणि दूध उतरलं. तेव्हा सोजराबाईंनी शेजारच्या झुंबरबाईला बोलावून दाखवलं होतं.

आता त्याच सोजराबाई त्या पाल्याकडं पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत होत्या.

"त्या चिनी लोकांचं काय सांगता," अनसाबाई सुरू झाल्या. "कुजवून खात्यात. म्हातारी रांजणात भाताची दारू करती म्हणं. असल्या हातचं बाळंतिणीला?"

"ती कोरियाची हायेत, आत्या," सविता म्हणाली.

"कुठली का आसंनात! बघ त्यो पाला, बाईच्या केसांवानी दिसतोय. ही करणी न्हाई तर काय?"

"कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांच्या रश्श्यात गाईचं मटण असतं," स्वराज गुडघ्यांतून मान वर न काढता म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला. "मी बघितलंय."

गेणबा ताठ झाले. "गाईचं? माझ्या पोरीच्या तोंडात?"

"न्हाई मामा," सविता म्हणाली. "सुकट घातली हुती. बाजारातनं आणलेली. आईंनीच निवडून दिली. इचारा त्यांना."

सगळ्यांनी सोजराबाईंकडं पाहिलं. सविताही पाहत होती, तिला भीती नव्हती, कारण दोघींनी एकाच ताटात सुकटीची डोकी मोडली होती. सोजराबाईंनी पदराचा बोळा तोंडापासून काढला.

"मला काय ठावं," त्या म्हणाल्या. "ती म्हणली सुकट, मी म्हणलं सुकट. भांड्यात काय पडलं त्ये मी उभी ऱ्हाऊन बघितलं व्हय?"

गेणबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. सकाळपासून त्यांना राग होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. बाईमाणसावर, तेही विहिणीवर, किती वेळ बोट रोखणार? "म्हंजी विहीणबाई, तुमाला बी हिनं फसवलंच म्हणायचं," ते म्हणाले आणि त्यांनी समोरचा तांब्या उचलून पाणी प्यायलं. एवढ्यानं सगळं ठरलं. पडवीतली माणसं एकमेकांच्या जवळ सरकून बसली. अनसाबाईंनी आतून आणखी एक पेला आणवला.

जयसिंगआप्पा पहिल्यांदा बोलले, तेही सविताकडं न बघता. "उद्यापासनं बंगल्यावर जाणं बंद. सोनमपुढं चूक कबूल करायची, तिच्या पाया पडायचं. धाकटी आसली तरी पडायचं. आन् ह्ये जाळून टाका. पाव्हणं, पोलिसाचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हायलं," गेणबा म्हणाले.

सविता पाठ फिरवून स्वयंपाकघरात आली. तिच्यामागं सोजराबाई आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"तोंड उघडलंस तर बघ," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, आणि मग एकाएकी त्यांनी सविताचे दोन्ही हात धरले. "कबूल कर बाई. एवढ्यावर निभावतंय. काम गेलं तर जाऊ दे, दुसरं बघू. मला चौकीवर नेऊन बसवतील गं. ह्या वयात. पाचवीचं कुणी काढलं न्हाई अजून. तू बी काढू नको."

पाचवीचं दोघींनाही वेगळं सांगायची गरज नव्हती. बाळ पिवळं दिसत होतं. दवाखान्यातून सोडताना नर्सनं सविताला सांगितलं होतं, पिवळेपणा पायापर्यंत उतरला तर वाट बघू नका, लगेच घेऊन या. पाचवीच्या सकाळी सविता बाळाला न्हाऊ घालत होती आणि तिला तळपाय दिसले. हळद लावल्यासारखे. तिनं सोजराबाईंना दाखवले. सोजराबाई म्हणाल्या, आज पाचवी, आज सटवाई येते, आज बाळानं उंबरा ओलांडायचा नाही, उद्या बघू. आप्पांनी मान डोलावली. स्वराजनं आईकडं पाहिलं आणि तो पाटा-वरवंटा धुवायला गेला. अनसाबाई भावाखातर जेवणावळीला आल्या होत्या, पाण्यालाही न शिवता बसल्या होत्या; त्या म्हणाल्या, सगळी पोरं पिवळीच असतात. खुद्द गेणबा मामा बाळंतविडा घेऊन आले होते. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, हनुवटीला हात लावला आणि म्हणाले, सोन्यासारखी हाय की. दुसऱ्या दिवशी पहाटे बाळ तोंड उघडेना. शिरूरचा रस्ता कापेपर्यंत ते गार पडलं. ओढ्याच्या कडेला त्याला पुरलं, आणि नाव ठेवायचं राहूनच गेलं.

पण सविताजवळ आणखी एक गोष्ट होती, जी सोजराबाईंनाही माहीत नव्हती. पाचवीच्या आदल्या दिवशी ती अर्धा वेळ बंगल्यावर गेली होती. हळदीच्या डब्यावर बोट ठेवून तिनं हालमोनीला बाळ कसं दिसतंय ते सांगितलं. म्हातारीनं हातातला डाव टाकून दिला. तिनं सविताचे खांदे धरून बरंच काही सांगितलं, त्यातला एक शब्दही कळला नाही आणि सगळं कळलं. पाचवीच्या दिवशी सकाळी तिनं गाडी पाठवली. ड्रायव्हर बिहारचा, फाटकापाशी गाडी चालू ठेवून तो म्हणाला होता, "अम्मा बोली है बच्चे को अस्पताल ले जाने का. बैठो दीदी, मैं लेके चलता हूँ." सविता पदराला हात पुसत दारात आली होती. आत चुलवणावर पुरण शिजत होतं. लोकं यायला लागली होती. कामवाली म्हणून आधीच चार तोंडांत असलेल्या सुनेनं पाचवीच्या दिवशी परक्यांच्या गाडीत बाळ घालून न्यायचं, म्हणजे काय झालं असतं ते तिच्या डोळ्यांपुढं आलं. "कल," ती म्हणाली. "कल सुबह आओ." गाडी वळून गेली.

म्हणून सासूनं हात धरले तेव्हा सविताला राग आला, पण त्या रागाखाली एक सुटकेचा भावही होता, आणि त्याची तिला लाज वाटली. पाल्यावर नाव गेलं की पाचवी झाकली जाणार होती. पाचवी झाकली की गाडीही झाकली जाणार होती. ह्या खोट्यात तिलाही जागा होती.

"करते कबूल," ती म्हणाली.

सोजराबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

सोनमच्या खोलीत शेगडी विझलेली होती, पण धुरीचा आणि ओव्याचा वास भिंतींत मुरला होता. बाजेच्या कडेला सोनम बसली होती. चोळी सोडलेली, छाती कापडानं करकचून आवळलेली. तरी ते कापड ओलं झालं होतं. हातात वाटी होती. कापड एका बाजूनं खाली ओढून ती दूध पिळून वाटीत काढत होती आणि दुखत असल्यामुळं ओठ चावत होती. पडवी आणि ह्या खोलीत एका विटेची भिंत. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

सविता खाली बसली. पाया पडायचं होतं म्हणून तिनं हात पुढं केले.

"ताई," सोनम म्हणाली, "एक इचारू का? खरं सांगा. मी खाल्लं त्ये माझ्या दुधात उतरलं, व्हय ना?"

सविताचे हात तिथंच थांबले.

"आत्या म्हणल्या तसं आसंल तर मग मीच पाजलं की तिला. शेवटच्या दिवशी ती तोंड फिरवत हुती. घेतच नव्हती. मी नाक दाबून लावली हुती, ताई. घे म्हणलं, चांगलं दूध हाय, मोठी हुशील." तिनं वाटीत पाहिलं. "ती सांगत हुती मला. मलाच कळलं न्हाई."

ती रडत नव्हती. बाळ गेल्यापासून ती रडलीच नव्हती; बायका त्याचीही चर्चा करून गेल्या होत्या. आता ती ते दूध न्हाणीत ओतायला उठली आणि जाताना हात लांब करून वाटी धरली, जशी अनसाबाईंनी मघाशी पाल्याची जुडी धरली होती.

पडवीतल्या शहाण्या माणसांनी आपापल्या मानेवरचं ओझं उतरवलं होतं, पण ते कुठं जाऊन पडलं हे कुणी बघितलं नव्हतं. सविताने बघितलं. ती तशीच उठून बाहेर आली.

पडवीत ताटं वाढायची तयारी चालली होती. गेणबा आणि आप्पा दौंडच्या नव्या पुलाबद्दल बोलत होते.

"पडलीस का पाया?" अनसाबाईंनी विचारलं.

"न्हाई," सविता म्हणाली. "पाल्यानं काय झालं न्हाई. पोरीला कावीळ हुती. तिचं तळपाय पिवळं झालं हुतं आन् ह्ये सगळ्यांनी बघितलं हुतं."

"सविता!" सोजराबाई ओरडल्या.

"नर्सनं सांगितलं हुतं, पायावर उतरलं तर आणा. मी आईंना सांगितलं. त्या म्हणल्या पाचवी हाय, उंबरा ओलांडायचा न्हाई. आप्पा, तुम्ही व्हय म्हणला. भावजी, तुम्ही तिचं बाप, तुम्ही पाटा धुवायला गेला. आत्या, तुम्ही म्हणला समदी पोरं पिवळी असत्यात. आन् मामा, तुमच्या मांडीवर हुती ती. तुम्ही सोन्यासारखी हाय म्हणला."

बाळासो उठला आणि त्यानं हात उगारला. सविता जागची हलली नाही. तिच्याकडं बघून तो हात त्यानं कुठं ठेवावा ते न कळून डोक्यामागं नेला.

गेणबांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "मला काय म्हाईत पायाचं," ते पुटपुटले. "कुणी सांगितलंच न्हाई मला पायाचं. दुपट्यात हुती ती."

"घरातली बाई घरावर उलटली," अनसाबाई म्हणाल्या. "आन् तू गं? तुला समदं ठावं हुतं, नर्सनं तुला सांगितलं हुतं, मग तू काय केलंस?"

उत्तर टाळायचं असतं तर टाळता आलं असतं. सासूनं ऐकलं नाही, मी सून, माझं काय चालतंय, एवढं म्हटलं असतं तरी पडवीतल्या एकालाही पुढं विचारता आलं नसतं. पण आत न्हाणीत पाणी सोडल्याचा आवाज थांबला होता, आणि अर्धं खरं सांगून त्या पोरीच्या डोक्यातून ते दूध निघणार नव्हतं, असं सविताला वाटलं.

"हालमोनीनं गाडी धाडली हुती," ती म्हणाली. "पाचवीच्या सकाळी. पोरीला दवाखान्यात न्या म्हणून. फाटकात उभी हुती. मी परत लावली."

अनसाबाई अगदी शांतपणे, जवळजवळ मायेनं म्हणाल्या, "बघा. म्हंजी हिच्याच हातात हुतं."

पडवी पुन्हा सैल झाली. सविताला ते डोळ्यांनी दिसलं. सोजराबाईंनी डोळे पुसले. आप्पांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. स्वराजनं पहिल्यांदा मान वर काढून वहिनीकडं पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी चीड होती की ती गेले कित्येक दिवस कुणासाठी तरी साठवून ठेवलेली असावी. गाडी दारात होती, बाई शहाणी होती, तिला सगळं कळत होतं. मग बाकीच्यांनी काय करायचं होतं? मघाशी पाल्याभोवती जमली होती तीच माणसं आता ह्या गाडीभोवती जमली, आणि ह्या वेळी तर त्यांच्याजवळ खरी गोष्ट होती.

"पाव्हणं," आप्पा गेणबांना म्हणाले, "आता तुम्हीच सांगा."

दाराच्या चौकटीत सोनम उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"म्हंजी दुधाचं काय नव्हतं," ती म्हणाली.

"न्हाई गं," सविता म्हणाली. "दुधाचं काय नव्हतं. कावीळ झाली की पोरं तोंड फिरवत्यात. तू चांगलंच पाजलंस."

सोनमनं चौकट घट्ट धरली. तिच्या घशातून आधी नुसता आवाज आला, मग ती मोठ्यानं रडायला लागली, बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. सविता पुढं झाली, तशी ती एक पाऊल मागं सरली.

"गाडी दारात हुती," रडता रडताच ती म्हणाली.

"व्हय."

"किती वेळ उभी हुती?"

"मी जा म्हणेस्तवर."

सोनमनं तोंड पुसलं, आत जाऊन लुगड्याची पिशवी भरली आणि मामांपाशी येऊन उभी राहिली. "चला मामा." गेणबा तिच्या डोळ्याला डोळा न देता उठले. कुणी तिला थांबवलं नाही. पोलिसाचं कुणी नाव काढलं नाही.

माहेरी निघालेल्या सुनेनं घरच्यांच्या पाया पडून निघायचं, ही रीत तिच्या अंगात भिनलेली होती. ती आप्पांच्या पाया पडली. सोजराबाईंच्या पडली, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून हुंदका दिला. अनसाबाईंच्या पडली, बाळासोच्या पडली. स्वराजच्या पायांना हात लावून तो हात तिनं कपाळाला टेकवला. मग उरली थोरली जाऊ. सविता पदर सारखा करून, पाय जुळवून उभी होती. सोनमनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि तिच्या शेजारून पायऱ्या उतरून मामांच्या मागं चालायला लागली.